खाडा पडल्यावर तुमचं अ‍ॅप काय करतं?

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३४, हिंजवडीत आयटीत नोकरी, आठवड्यातले तीन दिवस घरून काम. वार्षिक तपासणीत एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ६.१ आलं. डॉक्टर म्हणाले, मधुमेह अजून घरात आलेला नाही, पण दाराशी उभा आहे. त्याच रात्री फोनमध्ये सहा अ‍ॅप्स घेतली: पाण्याचं, पावलांचं, कॅलरीचं, ध्यानाचं, झोपेचं आणि कामासाठी टायमरचं. प्रत्येक अ‍ॅप दहा-बारा दिवस चालतं, मग एक दिवस सुटतो आणि त्याच्यामागे सगळंच सुटतं. ‘माझ्यात जिद्द नाही की मी अ‍ॅप चुकीचं निवडतोय? एकच नाव सांगा, तेच घेतो. आणि बायको वाढदिवसाला स्मार्टवॉच देते म्हणतेय, घेऊ का?’

मी आहारतज्ज्ञ आहे. गेली एकोणीस वर्षं ठाण्यात एका मधुमेहतज्ज्ञांच्या दवाखान्यात बसते. सुरुवातीला माझ्यासमोर लोक शंभर पानी वही घेऊन यायचे, आता फोन पुढे करतात. वहीवाले सोडायचे तसे फोनवालेही सोडतात. मात्र वही अर्धवट सोडलेला माणूस मला जरा हसून सांगायचा, फोनवाला मान खाली घालून सांगतो. या फरकावर मी बराच विचार केलाय.

जिद्दीचं आधी बघू. एका रात्रीत सहा अ‍ॅप्स घेणाऱ्याकडे जिद्द कमी नसते, जरा जास्तच असते आणि ती सहा ठिकाणी वाटली जाते. आज रात्रीपासून ही सहा एकदम चालवणं बंद करा, एकावेळी एकच पुरे. यातली बहुतेक अ‍ॅप्स काढून टाका. त्यांच्या जागी कोणतं एक घ्यायचं ते पुढे येईलच.

माझ्या माहेरी स्वयंपाकघराच्या दारामागे कालनिर्णय टांगलेलं असायचं. १९७३ पासून निघणारं हे कॅलेंडर लोक तिथी-सणवार बघायला घेतात. आमच्याकडे मात्र त्याचा मोठा उपयोग दुधाच्या हिशोबाला व्हायचा. रोजचं एक लिटर धरलेलंच असायचं, त्याची नोंद नसे. दूध आलं नाही त्या दिवशीच्या चौकटीत आई पेन्सिलीने ‘खा’ लिहायची, म्हणजे खाडा. महिनाअखेर खाडे मोजायचे, तेवढ्या दिवसांचे पैसे वजा करायचे आणि उरलेले गवळ्याच्या हातावर ठेवायचे. तीन खाडे पडले म्हणून आईने रतीबच बंद केला, असं कधी झालं नाही.

आता तुमची अ‍ॅप्स बघा. बहुतेकांत ‘स्ट्रीक’ मोजतात, म्हणजे सलग किती दिवस झाले ते. अकरा दिवस झाले. बाराव्या दिवशी ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज होतं, रात्री दोन वाजता लॅपटॉप मिटलात, चालणं राहिलं. सकाळी अ‍ॅप उघडलं तर तिथे शून्य! अकरा दिवस चाललेल्या माणसाला ते सांगतंय की तू काहीच केलेलं नाहीस. साधा हिशोब म्हणूनसुद्धा हे खोटं आहे. गवळ्याने असा हिशोब लावला असता तर आईने त्याला दारात उभं केलं नसतं.

हा शून्य माणसाचं काय करतो हे मला रोज दिसतं, आणि मानसशास्त्रज्ञांनीही ते टिपून ठेवलंय. टोरंटोत काम केलेल्या जॅनेट पॉलिव्ही आणि पीटर हर्मन या दोघांनी डाएट करणाऱ्यांचा अभ्यास केला. नेम एकदा मोडला, की ‘आता मोडलाच आहे तर’ असं म्हणून माणूस उलट जास्तच खातो, असं त्यांना आढळलं. आपल्याकडे याला संशोधनाची गरज नाही. ‘एक वडा खाल्लाच आहे, दुसऱ्याने काय होतंय’ हे वाक्य मी दर श्रावण संपल्यावर ऐकते.

मग एका खाड्याने खरंच किती बिघडतं? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना १२ आठवडे एकेक नवी सवय लावायला सांगितली. कोणी न्याहारीनंतर पाणी पिणं घेतलं, कोणी जेवणाबरोबर फळ, कोणी रात्रीच्या जेवणाआधी थोडं पळणं. सवय अंगवळणी पडायला, म्हणजे आठवण न करता हातून व्हायला, मधला आकडा निघाला ६६ दिवस. पण माणसामाणसातला फरक बघा: कमीत कमी १८ आणि जास्तीत जास्त २५४ दिवस. यातला शेवटचा आकडा १२ आठवड्यांत कोणी गाठणं शक्यच नव्हतं, तो वाढीचा आलेख पुढे ओढून काढलेला अंदाज आहे, हेही माहीत असू द्या. या अभ्यासातला मला सगळ्यात उपयोगी वाटलेला निष्कर्ष असा, की मध्येच एखादा दिवस चुकला तर सवय लागण्याच्या वेगावर म्हणण्यासारखा परिणाम झाला नाही. ‘२१ दिवसांत सवय’ ही गोष्ट मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या निरीक्षणातून आली. शस्त्रक्रियेनंतर आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना निदान २१ दिवस लागतात, असं त्याने १९६० मध्ये लिहिलं होतं. ‘निदान’ हा शब्द कुठेतरी गळला आणि नाकाचं ऑपरेशन मागे पडून त्याचं चालणं, ध्यान, पहाटे पाचला उठणं असं सगळं झालं. तुम्ही दहा-बारा दिवसांत सोडताय म्हणजे तुमच्याकडून काही विशेष वाईट होत नाहीये. अजून सुरुवातच आहे.

म्हणून अ‍ॅप निवडताना मी एकच परीक्षा घ्यायला सांगते: मुद्दाम एक खाडा पाडा आणि अ‍ॅप काय करतं ते बघा. शून्य दाखवतं का? रडका चेहरा दाखवतं का? की खाडा लिहून पुढे जातं? पुष्कळ कंपन्यांना हे हळूहळू कळायला लागलंय. भाषा शिकवणाऱ्या ड्युओलिंगोमध्ये स्ट्रीक ‘गोठवायची’ सोय आहे. अ‍ॅपलच्या घड्याळात रोजची हालचाल झाली की कडी पूर्ण होते, या कड्यांची मालिका आजारपणातही तुटायची, २०२४ च्या वॉचओएस ११ मध्ये, म्हणजे घड्याळाच्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये, ती थांबवून ठेवायची सोय आली. याउलट हॅबिटिका हे अ‍ॅप सवयींचा खेळ करतं आणि रोजचं काम चुकलं की तुमच्या पात्राचा जीव कमी होतो. काहींना त्यात मजा येते, विशेषतः कॉलेजातल्या मुलांना. चाळिशीच्या आसपासच्या, आधीच अपराधी वाटणाऱ्या माणसाला मी ते सुचवत नाही.

तुम्ही एकच नाव मागितलंत. अँड्रॉइड असेल तर लूप हॅबिट ट्रॅकर. फुकट आहे, जाहिराती नाहीत, खातं उघडावं लागत नाही, नोंदी फोनातच राहतात. त्यात ‘रोज’ऐवजी ‘आठवड्यातून पाच वेळा’ असंही लावता येतं. सलग दिवसांबरोबर ते सवयीची ताकद टक्क्यांत दाखवतं. एक खाडा पडला तर रेघ जराशी खाली झुकते, शून्यावर आपटत नाही. थोडक्यात, दुधाच्या हिशोबाच्या जवळ जाणारं आहे. आयफोन असेल तर नवीन काही घेऊ नका. आधीपासून असलेल्या रिमाइंडर्समध्ये एक ओळ टाका आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिल चालवा. हे मी चेष्टेने म्हणत नाही. माझ्या सगळ्यात चिवट रुग्णांपैकी कितीतरी जण आजही भिंतीवरच खुणा करतात, कारण ती खूण बायको-मुलांनाही दिसते.

आता त्या एका अ‍ॅपमध्ये कोणती एक सवय टाकायची. तुमच्या रिपोर्टवरून मी सांगेन, रात्रीच्या जेवणानंतरची शतपावली.

‘पावलांचं अ‍ॅप तर आहेच की’ असं म्हणाल, म्हणून पावलांबद्दल थोडं विस्ताराने सांगते. १०,००० हा आकडा डॉक्टरांनी काढलेला नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर जपानमध्ये व्यायामाची लाट आली, आणि १९६५ मध्ये यामासा नावाच्या कंपनीने कमरेला लावायचं पावलं मोजणारं यंत्र काढलं. त्याचं नाव मानपो-केइ, म्हणजे अक्षरशः ‘दहा हजार पावलं मोजणारं’. आकडा गोल होता, नाव चाललं. पुढे २०१९ मध्ये आय-मिन ली यांच्या गटाने अमेरिकेतल्या साधारण १६,७०० वयस्क स्त्रियांच्या पावलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचं सरासरी वय ७२ होतं. दिवसाला सुमारे २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं, आणि ७,५०० च्या पुढे फायदा फारसा वाढत नव्हता. तुम्ही ७२ वर्षांच्या बाई नाही, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे उचलू नका. रात्री साडेअकराला हॉलमध्ये सोफ्याभोवती फिरून १०,००० भरायची गरज नाही, एवढं मात्र त्यातून घ्या.

शिवाय फोन पावलं कशी मोजतो ते बघा. आतला सेन्सर हिसके ओळखतो. एक गृहस्थ माझ्याकडे यायचे, पावलं रोज आठ-नऊ हजार, साखर मात्र जागची हलत नव्हती. फोन शर्टाच्या खिशात आणि कळवा ते वागळे इस्टेट रोज स्कूटर. जुलै-ऑगस्टात पावलं जास्त भरतात हे त्यांनीच मला कौतुकाने दाखवलं, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. फोन खड्डे मोजत होता! याच्या उलट एक बाई. सकाळी साडेपाचपासून घर, सासूबाई, दोन डबे, गच्चीवरचे कपडे, आणि फोन मात्र ओट्यावर मिक्सरच्या शेजारी. साडीला खिसा कुठे असतो? दिवसअखेर अ‍ॅप म्हणालं १,१००, आणि वर ‘आज जरा हालचाल करा’ असा उपदेश. त्यांनी अ‍ॅप काढून टाकलं हे मला मनापासून आवडलं.

आणि साखरेच्या दृष्टीने किती चाललात याबरोबर कधी चाललात यालाही महत्त्व आहे. लोरेटा डिपिएत्रो यांच्या गटाने २०१३ मध्ये साठीपुढच्या, साखर सीमेवर असलेल्या १० जणांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. सकाळी एकदा ४५ मिनिटं चालणं आणि तिन्ही जेवणांनंतर प्रत्येकी १५ मिनिटं चालणं, यांची तुलना. दिवसभराची साखर दोन्हींनी सुधारली, पण रात्रीच्या जेवणानंतरची साखर जेवणानंतरच्या चालण्यानेच खाली राहिली. माणसं फक्त १० होती, म्हणून मी हा अभ्यास डोक्यावर घेऊन नाचत नाही. पण जेवण झाल्या झाल्या स्नायू चालू लागले की रक्तात येणारी साखर ते ओढून घेतात, ही गोष्ट पक्की आहे. ग्लुकोमीटर असेल तर स्वतःच्या बोटावर करून बघा. एक दिवस जेवून सोफ्यावर, दुसऱ्या दिवशी तेच जेवण आणि १५ मिनिटं चाल, दोन्ही दिवशी जेवायला सुरुवात केल्यापासून दीड तासाने एक थेंब रक्त. माझ्या भाषणाने पटत नाही त्यांना त्या दोन आकड्यांनी पटतं.

सवय घड्याळाला बांधू नका, ताटाला बांधा. ‘रोज रात्री ९ वाजता चालणार’ असं लावलंत की नऊला अमेरिकेचा कॉल असतो, घंटा वाजते, तुम्ही ती बोटाने बाजूला सारता, आणि आठवडाभरात बोट ते आपोआप करायला शिकतं. सवय लागते, पण घंटा बाजूला सारायची. त्यापेक्षा ठरवा: ताट सिंकमध्ये ठेवलं की चप्पल पायात. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने ‘अमुक झालं की मी तमुक करीन’ अशा नेमक्या ठरावांवर आयुष्यभर काम केलं. नुसत्या ‘मी रोज चालेन’पेक्षा असा ठराव जास्त पाळला जातो. आपल्याला हे नवीन नाही. संध्याकाळी दिवा लागला की शुभंकरोति, त्याला कोणी गजर लावत नव्हतं.

दहा मिनिटं पुरेत. पाऊस असेल तर पार्किंगमध्ये, तेही नसेल तर जिना. परत आलात की लूपमध्ये एक टिचकी. त्याचं विजेट फोनच्या पहिल्याच पडद्यावर ठेवा, म्हणजे अ‍ॅप उघडावं लागणार नाही. हे का सांगतेय ते ध्यानाच्या अ‍ॅपवरून कळेल.

तुमच्या ध्यानाच्या अ‍ॅपने काय केलं असेल याचा मी अंदाज करते. सकाळी डोळे उघडले, ध्यानासाठी फोन हातात घेतला, वर तीन मेसेज आलेले दिसले, एक रील, मग दुसरी, आणि ध्यानाची वेळ संपल्यावर ध्यानाची आठवण झाली. औषध आणि आजार एकाच बाटलीत ठेवलेत. ध्यान करायचंच असेल तर दोनशे-तीनशे रुपयांचं गजराचं घड्याळ आणा आणि फोनचा चार्जर बेडरूममधून हॉलमध्ये न्या. माझ्याकडच्या लोकांना झोपेच्या कुठल्याही अ‍ॅपपेक्षा या चार्जरच्या बदलीने जास्त फायदा झालाय. झोपेचं अ‍ॅप तर तुम्ही काढाच. ‘काल माझी गाढ झोप ४२ मिनिटंच झाली’ म्हणत दिवसभर थकणारी माणसं मी पाहिलीत, आणि सकाळी उठल्यावर त्यांना ताजंतवानं वाटत होतं, अ‍ॅप बघेपर्यंत! परिपूर्ण झोपेच्या या ध्यासाला अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांनी २०१७ मध्ये ‘ऑर्थोसोम्निया’ असं नावही दिलंय. घोरणं, मध्येच श्वास अडकणं, दुपारी गाडी चालवताना डुलकी, यातलं काही असेल तर मात्र अ‍ॅप नको आणि मीही नको, डॉक्टर गाठा.

फोनला आवर घालायला फोनचीच मदत घ्यायची तर एक प्रकार मला पटलाय. अँड्रॉइडमधलं डिजिटल वेलबीइंग आणि आयफोनमधला स्क्रीन टाइम २०१८ मध्ये आले. त्यांतल्या वेळेच्या मर्यादा चांगल्या आहेत, पण ती मर्यादा बाजूला सारायची सोयही तिथेच असते. ‘वन सेक’ नावाचं अ‍ॅप वेगळं करतं. तुम्ही इन्स्टाग्राम उघडायला गेलात की आधी एक दीर्घ श्वास घ्यायला लावतं, मग विचारतं, उघडायचंच आहे का? २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २८० जणांच्या अभ्यासात साधारण तीनातल्या एका वेळी लोक तिथूनच मागे फिरले, आणि सहा आठवड्यांत उघडण्याचे प्रयत्नही कमी झाले. बंदी घातली की माणूस पळवाट शोधतो. इथे नुसता उंबरठा ठेवलाय.

कामाच्या टायमरबद्दल मी जपून बोलते, माझं क्षेत्र नाही. पोमोडोरो म्हणजे इटालियनमध्ये टोमॅटो. फ्रान्सेस्को चिरिलो नावाच्या विद्यार्थ्याने १९८० च्या दशकाच्या शेवटी टोमॅटोच्या आकाराचा स्वयंपाकघरातला टायमर लावून अभ्यास करायला सुरुवात केली, २५ मिनिटं काम आणि ५ मिनिटं सुट्टी. त्या पाच मिनिटांत खुर्चीवरून उठा, एवढंच माझ्या कामाचं. टायमर कुकरचाही चालतो.

कॅलरीच्या अ‍ॅपवर माझा राग आहे, तो आधीच कबूल करते. ‘वरण, एक वाटी.’ कोणाची वाटी? माझ्या सासरची आमटीची वाटी माहेरच्या दीडपट आहे. फोडणीत तेल किती पडलं हे करणाऱ्यालाही माहीत नसतं, तुम्ही कशावरून लिहिणार? पोह्यांवर दाणे मूठभर की चिमूटभर, भाकरी केवढी, तिच्यावर लोणी होतं का? इतके अंदाज मिळवून शेवटी १,७४३ असा काटेकोर आकडा येतो आणि आपण त्यावर विश्वास ठेवतो. ज्यांना खाण्याबद्दल आधीच भीती वा ध्यास आहे, विशेषतः वाढत्या वयाच्या मुली, त्यांच्या फोनमध्ये हे अ‍ॅप मला दिसलं तर मी आईला बाजूला घेऊन बोलते.

त्याऐवजी दोन आठवडे खाण्याआधी ताटाचा फोटो काढा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवा. वजन, कॅलरी काही लिहायचं नाही, वेळ आपोआप पडते. बँकेत काम करणाऱ्या एका बाई मला पहिल्या भेटीत म्हणाल्या होत्या, ‘मॅडम, मी दुपारी काहीच खात नाही.’ दोन आठवड्यांनी फोटो घेऊन आल्या. मी काही बोलायच्या आत त्याच बोट फिरवत थांबल्या. सव्वाचारचा फोटो, चहाचा कप, शेजारी दोन खाऱ्या. दुसऱ्या दिवशी सव्वाचार, बाकरवडी. तिसऱ्या दिवशी कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक, चौथ्या दिवशी पुन्हा खारी. पहिल्या भेटीत त्या खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांच्या लेखी ते खाणं नव्हतंच, ते ‘चहाबरोबरचं’ होतं. आम्ही बाकी सगळं तसंच ठेवलं, फक्त सव्वाचारला मूठभर भाजलेले चणे डब्यातून न्यायचे ठरवलं. दोन आठवड्यांनी फोटोही बंद.

पाण्याच्या अ‍ॅपवर शब्द खर्च करत नाही. मुतखडा झालेला असेल किंवा घरात तहान न कळणारे म्हातारे आई-वडील असतील तर ठीक, नाहीतर काढा.

घंटा वाजायलाच हवी असं एकच खातं मी मानते, ते म्हणजे गोळ्या. तुम्हाला अजून नाहीत, पण आई-वडिलांसाठी लावाल म्हणून सांगते. कित्येक अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवायला मागे चालणारी अ‍ॅप्स परस्पर झोपवतात आणि रिमाइंडर वाजतच नाही. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या अ‍ॅपचं बॅटरी बंधन काढा, ‘ऑटोस्टार्ट’ दिसलं तर चालू करा, आणि फोन दोन तास बाजूला ठेवून घंटा खरंच वाजते का ते एकदा तपासा. आणि वाजल्यावर गोळी घेतली की नाही हे घंटेला कळत नसतं. वारांचे कप्पे असलेली साधी प्लास्टिकची डबी ते काम जास्त चोख करते. सोमवारचा कप्पा भरलेला दिसला की खाडा समजला.

पैशांचं एक. पहिल्या दिवशी वर्षाची वर्गणी भरू नका. उत्साह त्याच दिवशी सगळ्यात जास्त असतो आणि ‘सात दिवस फुकट’वाल्यांना ते नेमकं माहीत असतं. सात दिवसांनी यूपीआय ऑटोपेमधून पैसे जातात. अ‍ॅप काढून टाकलं तरी ऑटोपेची परवानगी तशीच राहते. तुमच्या यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपे किंवा मॅंडेट असं लिहिलेलं असेल तिथे जाऊन रद्द करा, आणि प्ले स्टोअर किंवा अ‍ॅप स्टोअरमधली सबस्क्रिप्शनही बघा. तुमच्या सहा अ‍ॅप्सपैकी निदान एक तिथे सापडेल, अशी माझी पैज.

आणि माहितीचं. सवय नोंदवणाऱ्या अ‍ॅपला तुमचे कॉन्टॅक्ट्स कशाला हवेत? मागितले तर नाही म्हणा. जानेवारी २०१८ मध्ये स्ट्राव्हा या धावण्याच्या अ‍ॅपच्या जागतिक नकाशावरून परदेशातले लष्करी तळ ओळखू आले, कारण सैनिक तळाच्या कडेने पळताना अ‍ॅप चालू ठेवत होते. तुम्ही कुठे राहता आणि किती वाजता घरात नसता, हे त्याच हिशोबाने कळतं. घराजवळची सुरुवात आणि शेवट नकाशावरून लपवायची सोय अशा अ‍ॅप्समध्ये असते, ती वापरा.

अ‍ॅप किती दिवस ठेवायचं हे तुम्ही विचारलं नाहीत, कोणीच विचारत नाही. आमची आजी चातुर्मासात नेम धरायची. कधी वांगं सोडायची, कधी रोज एक अध्याय वाचायची, एका वर्षी म्हणे रोज एका झाडाला पाणी घालायची. आषाढी ते कार्तिकी, साधारण चार महिने, आणि शेवटी नेम सोडायचा, तोही रीतसर. व्रताला जसं उद्यापन असतं तसं. अ‍ॅप बनवणाऱ्यांच्या डोक्यात हे उद्यापन नसतं, तुम्ही कायमचे गिऱ्हाईक राहावं हाच त्यांचा धंदा. तुम्ही ठरवून घ्या. ताट ठेवलं की पाय आपसूक दाराकडे वळतायत, आणि टिचकी मारायची दुसऱ्या दिवशी आठवतेय, असं दोन-तीन आठवडे झालं की लूपमधून ती ओळ काढून टाका. ६६ दिवस लागोत नाहीतर दीडशे. मग वाटलं तर दुसरी सवय घ्या. स्कूटरवाल्या गृहस्थांनी ओळ काढायला सात महिने घेतले. मधे गणपतीत नऊ आणि मुलीच्या लग्नात चौदा खाडे पडले होते, त्यांनीच मोजून सांगितले.

राहिलं घड्याळ. बायको देतेय तर घ्या, भांडण करू नका. पण शतपावलीचा पहिला महिना होऊ द्या, नाहीतर पंधरा दिवस घड्याळाशी खेळण्यात जातील. आल्यावर त्यातली मेसेजची टिकटिक बंद करा. पावलं मनगटावर मोजली जातील, म्हणजे फोन ओट्यावर राहिला तरी चालेल. नाडीचे ठोके बऱ्यापैकी कळतील. रक्तदाब दंडाला पट्टा बांधणाऱ्या यंत्रानेच मोजा. आणि ‘सुई न टोचता साखर’ असं लिहिलेलं घड्याळ कुठल्याही किमतीला घेऊ नका. औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या सरकारी संस्थेने फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट सांगितलं, की त्वचेला छेद न देता स्वतःच साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला वा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही. माझ्याकडे एकांनी असलं घड्याळ आणलं होतं. मी ते टेबलावरच्या पेपरवेटला बांधलं. साखर आली ९८.